विंचेस्टरच्या पाणचक्कीवरचे दळण

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून निघालेली गाडी तासाभरात विंचेस्टरला पोहोचते. बहुतेक पाहुणे उतरताच कॅथेड्रलची वाट धरतात; मी मात्र हाय स्ट्रीटचा उतार संपेपर्यंत चालत, राजा आल्फ्रेडच्या पुतळ्यावरून पुढे इचेन नदीच्या पुलापाशी आलो, कारण मला पाण्यावरचे दळण पाहायचे होते.

पुलालगतची सिटी मिल बाहेरून जुन्या कौलारू घरासारखी दिसते. १०८६ च्या डूम्सडे पाहणीत, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीनजुमल्याच्या मोजदादीत, येथील चक्कीची नोंद असून त्या वेळी ती वेरवेलच्या मठाच्या मालकीची होती. पुढे १५५४ मध्ये राणी मेरीचा विवाह येथील कॅथेड्रलमध्ये झाला आणि त्या थाटामाटापायी शहराला जो खर्च सोसावा लागला, त्याच्या अंशतः भरपाईदाखल तिने ही चक्की शहराला देऊन टाकली. लग्नाच्या खर्चापायी जमीनजुमला हातचा गेल्याच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. चक्की हाती आल्याची ही मी ऐकलेली पहिलीच. सध्याची इमारत १७४३ ची आहे. ती पाडली जाण्याच्या बेतात असताना १९२८ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आली, नंतर अनेक दशके तेथे युवा वसतिगृह होते, आणि २००४ मध्ये दुरुस्तीनंतर दळण पुन्हा सुरू झाले.

खालच्या मजल्यावर पाण्याचा आवाज एवढा असतो की शेजारच्याच्या कानाशी लागून बोलावे लागते. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीसाठी दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणावे लागले; येथे नदीच घराखालून वाहते. पाणी अडवणारे दार उचलताच चुनखडीच्या टेकड्यांतून झिरपून आलेले ते काचेसारखे पाणी चाकावर येते. चाकाचा आस आडवा आणि जात्याचा उभा, म्हणून मध्ये दातेरी चाकांची जोडणी आहे.

खरी गंमत जात्यापाशी आहे. वर गव्हाने भरलेले लाकडी चाडे, त्याखाली तिरपी पन्हाळ, आणि जात्याबरोबर फिरणारा एक दांडा त्या पन्हाळीला सतत टकटक ठोके देत असतो. प्रत्येक ठोक्याला थोडे दाणे जात्याच्या तोंडात पडतात. पाण्याचा जोर वाढला की ठोके वाढतात आणि घासही आपोआप वाढतो. माझी आजी जात्यात दाण्यांची जी वैरण मुठीने घालीत असे, ती येथे हा दांडा घालतो. दळणाऱ्या गृहस्थांनी खाली पडणारे पीठ चिमटीत घेऊन अंगठ्याने चोळले, क्षणभर थांबून एक लहान चाक किंचित फिरवले, आणि वरची तळी केसभर उचलली गेली. पुढच्या चिमटीला त्यांनी मान हलवली. भिंतीशी टेकवलेल्या जुन्या तळीवर टाकीने कोरलेल्या चऱ्या मध्यापासून कडेपर्यंत गेलेल्या दिसत होत्या. टाकी लावून घ्या, अशी पाथरवटाची हाळी तेवढी ऐकू येत नव्हती.

निघताना एक पिशवी पीठ घेतले. त्यात कोंडा आणि अंकुर दोन्ही असल्याने ते फार दिवस टिकत नाही, म्हणून त्याच रात्री कणीक भिजवली. पोळ्या लाटताना कडा फाटल्या, चाळूनही फारसा उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पिठात कांदा, तिखट आणि धणे-जिऱ्याची पूड घालून थालीपिठे थापली. ती मात्र खरपूस झाली.