परिषद, पण या वेळी कामाची

आज आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या आम्हा शिक्षकांची, शिक्षण परिषद होती. एरवी परिपत्रकांचं वाचन, ऑनलाइन माहिती भरण्याची तंबी, चहा, घर. आज केंद्रप्रमुख सर म्हणाले, "प्रत्येकानं एक मूल सांगा, जे तुम्हाला उमगत नाहीये."

मी तिसरीतल्या एकाचं सांगितलं. तोंडी हिशेब झटपट, पण फळ्यावरचं उतरवताना ओळीच गाळतो. वाटलं, आता 'पालक लक्ष देत नाहीत' सुरू होणार. (आमचं ठरलेलं उत्तर!) पण शेजारच्या शाळेतल्या मॅडमनी विचारलं, पुस्तकातून नीट उतरवतो का? बसतो कुठे? बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक आलं तेव्हा हजर होता का? विशेष शिक्षिका ताईंनी बजावलं, डोळे तपासल्याशिवाय अध्ययन अक्षमतेचं (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या अडचणीचं) नाव काढायचं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आहे, पण निदान करणं आपलं काम नव्हे.

ठरलं ते असं: पहिला बाक, गणित तोंडी, ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासणी, आणि पुढच्या परिषदेत काय झालं ते सांगायचं. आमच्या द्विशिक्षकी शाळेत असं बोलायला ना सवड, ना माणूस.

ऑनलाइन माहिती मात्र राहिलीच. ग्रुपवर आठवण येऊन पडलीय.