काळी पाच आणि पांढरी सात यांच्यामध्ये अडकलेले क्लॅरिनेट : माझा अनुभव

कोल्हापुरातील मंगळवार पेठेतल्या एका जुन्या बँडवाल्यांच्या घरून मी दोन वर्षांपूर्वी लाकडी क्लॅरिनेट विकत घेतले आणि गेल्या मार्चमध्ये ते विकून टाकले. खरेदीला अर्धा तास लागला, विक्रीला चार महिने.

मी भजनी मंडळात पेटी वाजवतो आणि साथीला एखादे फुंकवाद्य असावे, अशी माझी जुनी हौस होती. वाद्य पाहताना मी निष्काळजी होतो असे नाही. वरच्या भागाला बारीक चीर गेलेली नाही ना, हे टॉर्चच्या तिरप्या उजेडात तपासले, कारण कोरड्या पडलेल्या ब्लॅकवुडमध्ये, म्हणजे क्लॅरिनेटच्या काळ्या आफ्रिकन लाकडात, अचानक ओलावा शिरला की पहिली चीर बहुधा तिथेच जाते. एकेका भागाची भोके बोटांनी बंद करून, खालचे तोंड तळहाताने दाबून वरून हवा ओढली आणि ती टिकते का, हे पाहिले; भोके झाकणाऱ्या चाव्यांखालचे दोन पॅड गळत होते, पण ते बदलता येतात. सांध्यांवर बुचाऐवजी मेण लावलेला सुती दोरा गुंडाळलेला होता. उजव्या अंगठ्याच्या टेकणीचा धातू घासून गुळगुळीत झाला होता आणि खरे सांगायचे तर त्या टेकणीला पाहूनच मी भाव न करता नऊ हजार रुपये मोजले.

पेटी मात्र बरोबर नेली नव्हती.

घरी आल्यावर चूक कळली. बी फ्लॅट क्लॅरिनेटवर वादक ज्याला 'सी' म्हणतो तो स्वर वाजवला की पेटीवरची काळी पाच, म्हणजेच बी फ्लॅट, जुळायला हवी; तिच्या लगेच वरची पट्टी म्हणजे पांढरी सात. माझ्या वाद्यातून निघणारा स्वर काळी पाचच्या बराच वर आणि पांढऱ्या सातच्या खाली, असा मधोमध लोंबकळत होता. मुखपट्टीखालचा लहान नळकांडा थोडा बाहेर ओढला, तर वरची भोके उघडी ठेवून निघणारे आखूड स्वर एकदम उतरले, खालचे लांब नळीचे स्वर जवळजवळ तिथेच राहिले. म्हणजे एक स्वर जुळवावा, तर दुसरा सुटे. शेवटी कारखान्याच्या पुसट शिक्क्याखाली भिंगातून 'एच पी', म्हणजे 'हाय पिच' (चढी पट्टी), ही दोन अक्षरे दिसली. ब्रिटिश लष्करी बँड पूर्वी चढी पट्टी वापरत. त्यात 'ए' चा स्वर सेकंदाला सुमारे 452 कंपनांचा असे, तर आजचा 440 चा, जो 1939 साली लंडनच्या परिषदेत ठरला. फरक पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ निम्मा पडतो. चढ्या पट्टीचे वाद्य मुळातच थोडे आखूड घडवलेले असते, त्यामुळे दुरुस्तीने ते लांब होत नाही.

हे सांगायला मी पुन्हा त्या घरी गेलो. पैसे परत मागावेत असे मनात नव्हते, पण वाद्य विकणाऱ्या काकांचे उत्तर ऐकून तो विषय निघालाच नाही. ते म्हणाले, "आमच्या बँडात सगळीच वाद्यं तसलीच होती की! आपापसांत जुळत होती, मग पेटी कोण बघतंय?"

विक्रीची जाहिरात देताना मी पट्टी, तेरा चाव्यांची जुनी अल्बर्ट पद्धत (चाव्यांची जुनी मांडणी) आणि गळके पॅड हे सगळे स्पष्ट लिहिले. मित्रांनी वेड्यात काढले. इचलकरंजीहून आलेल्या एका वादकाने मोबाईलवरील ट्यूनर लावून दोन स्वर वाजवले आणि चहा न घेताच तो परतला. आजचे विद्यार्थी बहुतेक बोएम या चाव्यांच्या वेगळ्या मांडणीवर शिकतात, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने हे वाद्य दुहेरी निरुपयोगी होते. परदेशातल्या एकाने विचारणा केली होती, पण तो नाद मी सोडला. 2017 पासून ब्लॅकवुड आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या संरक्षित यादीत आहे. 2019 मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली असली, तरी साडेसहा हजारांच्या व्यवहारासाठी कागदपत्रांच्या मागे धावण्याची माझी तयारी नव्हती.

अखेर सांगलीचे एक संग्राहक गृहस्थ आले. त्यांना ते वाजवायचे नव्हते, जुन्या बँडच्या वाद्यांचा संच पूर्ण करायचा होता. त्यांनी 'एच पी' चा शिक्का आधी शोधला आणि तो सापडताच त्यांचा चेहरा उजळला. साडेसहा हजार ठरले. मी दोष लिहिलेला कागद पुढे केला, त्यावर त्यांनी सही केली. सांध्यांवरचा दोरा मी नवा गुंडाळून देऊ का, असे विचारताच ते घाईने म्हणाले, "नको, नको, तो तसाच राहू द्या."