चौथ्यांदा ते बोललेच नाहीत

रात्रपाळी करून सकाळी घरी आले, पण अजून झोप नाही.

सात नंबरच्या आजोबांनी तीनदा सांगितलं, श्वास पुरत नाहीये. तीनही वेळा मी त्यांच्या बोटाकडे बघितलं. ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्के. उशी उंच केली, पाठीवरून हात फिरवला, म्हटलं आकडा चांगला आहे, पडा जरा. चौथ्यांदा ते बोललेच नाहीत. तेव्हा कुठे डॉक्टरांना बोलावलं. मनगटातल्या धमनीचं रक्त तपासलं, तर ८५.

पहाटेपर्यंत सावरले. मला बघून हसले. ते हसणंच जास्त लागलं.

पाच पेशंट, एक जण रजेवर, बारा तास पायावर. माझ्याकडे कोण बघतं? असं रडून घेतलं गाडीत.

पण मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे! बोटातून प्रकाश जातो, आजोबांसारख्या गडद त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य त्यातला काही शोषून घेतं, आणि ही यंत्रं बेतली गेली ती बहुतेक गोऱ्या बोटांवर. २०२० च्या डिसेंबरात इथल्याच, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी छापलं होतं: यंत्र ९२ ते ९६ दाखवतंय आणि रक्तात प्रत्यक्षात ८८ च्याही खाली, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा, काळ्या रुग्णांत ११.७ टक्के. १९९० मध्येही एका अभ्यासात हीच खोट दिसली होती. तीस वर्षं! ज्यांच्या बोटावर आकडा बरोबर येत होता, त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं.

तरी यंत्रावर ढकलून भागत नाही. आठ नंबरच्या गोऱ्या आजी संध्याकाळी एकदाच म्हणाल्या, दम लागतोय. त्यांचाही ९४च होता. मी लगेच फोन उचलला. त्यांचा शब्द पुरला, आजोबांचे तीन का नाही पुरले? त्यांच्या छातीत काय चाललंय ते त्या खोलीत एकट्या त्यांनाच कळत होतं, आणि ते सांगत होते.

आणि मी कोण, तर बहिणींमधली ‘काळी’. लहानपणभर साय-हळद चोळून घेतलेली.

२०२१ च्या एप्रिलात आईला रोज फोन करायचे. "किती आहे गं?" "पंच्याण्णव. पण बरं नाही वाटत बाळा." "पंच्याण्णव आहे ना, मग झालं तर."

नको, आज ते नको.

एका रात्रीत माझा कान बदलणार नाही, कबूल. आज परत सात नंबर माझ्याकडेच आहे. सातला ड्यूटी. गेल्या गेल्या खुर्ची ओढून आधी त्यांना विचारेन, कसं वाटतंय. बोट नंतर.