सगळ्याला चालेल असा एकच कंट्रोलर

‘फोनला, लॅपटॉपला आणि स्विचला, तिन्हीला चालेल असा एखादा वायरलेस कंट्रोलर सांग ना, फार महाग नको.’ गेम खेळायच्या कंट्रोलरबद्दल ओळखीतलं कुणी ना कुणी हे विचारतंच. यातला स्विच म्हणजे निन्टेंडोचा कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र. विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं आणि मी उलट प्रश्न विचारायला लागते, म्हणून बोलणं लांबत जातं. तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी सगळं सविस्तर लिहिते.

माझा पहिला उलट प्रश्न असा: घरात प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स यांपैकी एखादा कन्सोल आहे का? असेल तर या स्वस्त कंट्रोलरकडून त्यांच्यापुरती आशा ठेवू नका. एक्सबॉक्स कन्सोल कंट्रोलरशी ब्लूटूथवरून बोलतच नाही, मायक्रोसॉफ्टची त्यासाठी स्वतःची वायरलेस पद्धत आहे. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये २०१६ साली ब्लूटूथ आलं ते संगणक आणि फोनसाठी. नोव्हेंबर २०२३पासून तर परवाना नसलेली उपकरणं कन्सोल थेट नाकारू लागला. प्लेस्टेशन बनवणारी सोनीही तितकीच कडक आहे. तिचा स्वतःचा जुना ड्युअलशॉक ४ कंट्रोलर प्लेस्टेशन ५ला जोडता येतो, पण त्यावर आधीच्या प्लेस्टेशन ४चेच गेम खेळता येतात. या दोघांसाठी परवाना घेऊन बनवलेले इतर कंपन्यांचे कंट्रोलर मिळतात, पण त्यातले स्वस्त बहुतेक वायरचे असतात. त्यामुळे ‘सगळ्याला चालतो’ असं खोक्यावर वाचलंत की त्या ‘सगळ्या’त हे दोन नाहीत असं धरून चला. उरतात विंडोज संगणक, अँड्रॉइड, आयफोन-आयपॅड, मॅक, स्विच आणि स्टीम डेकसारखे हातात धरायचे संगणक. एकाच कंट्रोलरचा विचार करायचा तो एवढ्यांसाठी.

या उपकरणांपुढे तो कंट्रोलर बहुरूप्यासारखा वावरतो. विंडोजसमोर एक्सबॉक्सचा कंट्रोलर बनून उभा राहतो, स्विचसमोर निन्टेंडोचा प्रो कंट्रोलर बनून, अँड्रॉइडसमोर साधा ब्लूटूथ गेमपॅड म्हणून. माहितीपत्रकात ज्याला मोड म्हणतात तो हाच वेश. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही, की वेश बदलला की अंगातले गुणही बदलतात. एका मोडमध्ये जे चालतं ते दुसऱ्यात चालेलच असं नाही. खोक्यावर मात्र सगळे गुण एकाच यादीत छापलेले असतात.

ट्रिगरचंच, म्हणजे कंट्रोलरच्या वरच्या कडेला तर्जनीने दाबायच्या बटणांचंच, बघा. बहुतेक कंट्रोलरचे ट्रिगर किती दाबले हे मोजू शकतात, म्हणून रेसिंगच्या गेममध्ये अर्धा वेग देता येतो. पण निन्टेंडोच्या प्रो कंट्रोलरचे ट्रिगर फक्त दाबला किंवा सोडला एवढंच सांगतात. त्यामुळे स्विच मोडमध्ये कोणताही कंट्रोलर तेवढंच सांगणार. तोच मोड चालू ठेवून लॅपटॉपवर गाडी चालवायला गेलात तर गाडी एकतर पूर्ण वेगात धावेल किंवा थांबेल, आणि तुम्हाला वाटेल की ट्रिगर बिघडला. जायरोचं, म्हणजे कंट्रोलर हातात तिरका करून नेम धरण्याचं, नेमकं उलटं आहे. स्विच मोडमध्ये ते मिळतं. विंडोजवरचे बहुतेक गेम ज्या एक्सइनपुट पद्धतीवर चालतात ती २००५च्या सुमारास एक्सबॉक्स ३६०च्या बरोबरीने आली, आणि तिच्यात जायरोला जागाच ठेवलेली नाही. संगणकावर जायरो हवाच असेल तर बहुतेक वेळा स्विच मोडमध्ये जोडून स्टीम या गेमच्या दुकान-सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधून तो चालू करावा लागतो, आणि मग मोजणारे ट्रिगर गमवावे लागतात. मागच्या बाजूची जादा बटणंही बहुतेक मोडमध्ये पुढच्याच एखाद्या बटणाची नक्कल करतात. उपकरणाला ती वेगळी दिसत नाहीत.

ए-बी आणि एक्स-वाय या बटणांच्या जागा निन्टेंडो आणि एक्सबॉक्स यांच्यात उलट्या आहेत, हेही लक्षात ठेवा. पडद्यावर ‘ए दाबा’ म्हटलं आणि ‘रद्द’ झालं तर घाबरू नका. बऱ्याच कंट्रोलरमध्ये ही अदलाबदल करण्याची सोय असते. नसेल तर सवय होईपर्यंत त्रास होतो, लहान मुलांना जास्तच.

आयफोन-आयपॅडवर २०१९च्या आयओएस १३पासून एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनचे कंट्रोलर चालू लागले, २०२२च्या आयओएस १६पासून स्विचचे. बाहेरच्या कंपनीचा कंट्रोलर तिथे यांच्यापैकीच कुणाचा तरी वेश घेऊन शिरतो. म्हणून ‘आयओएस’ असं खोक्यावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो चालेल असं गृहीत धरू नका. फोनच्या बाबतीत आणखी एक अडचण असते, तिचा कंट्रोलरशी संबंध नसतो. फोनवरच्या कितीतरी गेमना कंट्रोलरचा आधारच नसतो, ते बोटांसाठीच लिहिलेले असतात. तुमचा आवडता गेम त्यातला आहे का, हे खरेदीच्या आधी त्याच गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा.

आता मोड बदलायचा कसा? माझ्या मते स्वस्त कंट्रोलरची निवड इथे ठरते, आणि लोक नेमकं हेच बघत नाहीत. काहींमध्ये मागे सरकवायची छोटी खटकी असते. ब्लूटूथ, डोंगल (म्हणजे कंट्रोलरबरोबर येणारा, यूएसबीत लावायचा छोटा वायरलेस रिसीव्हर), बंद असं तिच्यावर लिहिलेलं असतं. काहींमध्ये कंट्रोलर सुरू करताना होम बटणाबरोबर ए, बी, एक्स, वाय यांतलं एखादं दाबून धरावं लागतं आणि कुठलं बटण कशासाठी ते पाठ करावं लागतं. खटकी असलेला कंट्रोलर थोडा महाग पडला तरी मी तोच घ्यायला सांगते. घरात चार जण तो वापरणार असतील तर नक्कीच.

त्याहून मोठा प्रश्न आठवणीचा. ब्लूटूथवर बरेच स्वस्त कंट्रोलर एकाच उपकरणाची ओळख लक्षात ठेवतात. लॅपटॉपला जोडलात, मग फोनला जोडलात, की लॅपटॉपची ओळख पुसली गेली. परत लॅपटॉपवर यायचं तर पेअरिंग पुन्हा पहिल्यापासून. एखाद्या दिवशी चालतं हे, पण रोज केलंत तर दोन आठवड्यांत तो कंट्रोलर एकाच उपकरणाचा होऊन बसतो. म्हणून मी ज्यांना सांगते त्यांना २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल आणि ब्लूटूथ दोन्ही असलेलाच घ्यायला सांगते. डोंगल लॅपटॉपला कायमचा लावून ठेवायचा, ब्लूटूथ फोनसाठी किंवा स्विचसाठी राखून ठेवायचं. डोंगलची ओळख वेगळी आणि ब्लूटूथची वेगळी साठवलेली असते, त्यामुळे एकाने दुसरी पुसली जात नाही. तिसरं उपकरण असेल तर त्याला यूएसबी केबल. पण स्विच आणि फोन दोन्ही ब्लूटूथवरच हवे असतील तर माहितीपत्रकात एकापेक्षा जास्त उपकरणांची ओळख साठते असं लिहिलेलं आहे का ते शोधा. नसेल तर त्या दोघांत रोज भांडण.

डोंगलचा आणखी एक फायदा आहे. बटण दाबल्यापासून पडद्यावर उडी दिसेपर्यंतचा वेळ त्यावर साधारणपणे ब्लूटूथपेक्षा कमी असतो. जाहिरातीत दिसणारा १००० हर्ट्झचा आकडा, म्हणजे दर मिलिसेकंदाला एकदा माहिती पाठवणं, हा बहुतेक वेळा डोंगल आणि केबलचाच असतो, ब्लूटूथचा नसतो. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकतं, त्यामुळे शांतपणे गोष्ट उलगडणाऱ्या गेमना ब्लूटूथ पुरेसं असतं. फायटिंग आणि तालावरच्या गेमना मात्र फरक जाणवतो. डोंगल लावताना एक काळजी घ्या. यूएसबी ३च्या पोर्टमधून आणि केबलमधून निघणारा गोंधळ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत मिसळतो. इंटेलनेच २०१२ साली यावर टिपण काढलं होतं. शेजारी हार्ड डिस्क जोडलेली असताना कंट्रोलर मध्येच अडखळत असेल तर कंट्रोलरला दोष देण्याआधी डोंगल छोट्या एक्स्टेन्शन केबलवर घेऊन लांब ठेवा. बरेचदा तेवढ्यानेच काम होतं.

आता स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी. या विषयावर मी मनापासून बोलते, कारण इथे स्वस्त कंट्रोलर महागड्यांच्या पुढे गेले आहेत. जुन्या पद्धतीच्या स्टिकमध्ये कार्बनच्या पट्टीवर एक धातूचा संपर्क घासत राहतो आणि पट्टीवर तो कुठे आहे यावरून स्टिकची जागा कळते. घासून घासून पट्टी झिजते, धूळ साचते, आणि एक दिवस स्टिकला हात न लावताही गेममधला माणूस आपणहून चालायला लागतो. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. हॉल इफेक्ट स्टिकमध्ये घासणारं काही नाही. स्टिकच्या बुडाशी चुंबक असतो आणि त्याचं क्षेत्र किती बदललं हे संवेदक मोजतो. एडविन हॉल यांनी हा परिणाम शोधला १८७९ साली. सेगाच्या ड्रीमकास्ट या जुन्या कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये तो १९९८मध्येच वापरला गेला होता. मधली कितीतरी वर्षं मोठ्या कंपन्यांनी त्याकडे पाठ फिरवली. प्लेस्टेशन ५बरोबर येणाऱ्या ड्युअलसेन्स कंट्रोलरमध्येही घासणारीच स्टिक आहे, आणि स्विच २च्या जॉय-कॉन या कंट्रोलरमध्येही हॉल इफेक्ट नसल्याचं निन्टेंडोने स्वतः सांगितलं. गुलीकिट, गेमसर, एटबिटडो अशा कंपन्यांनी मात्र ही स्टिक सामान्य माणसाला परवडेल अशा कंट्रोलरमध्ये आणली. याबद्दल मला त्यांचं खरंच कौतुक वाटतं. अलीकडे टीएमआर नावाची स्टिकही दिसते. तीही चुंबकावरच चालते, पण वीज कमी खाते. दोन्हींपैकी कुठलीही चालेल. दोन्ही नसलेला कंट्रोलर आज मी कुणाला सुचवणार नाही.

पण ‘हॉल इफेक्ट म्हणजे कधीच बिघडणार नाही’ हेही खरं नाही. स्टिकला मधोमध परत आणणारी स्प्रिंग असते, ती सैल पडते. स्टिकच्या भोवतीची प्लास्टिकची कडी घासली जाते. कारखान्यात नीट कॅलिब्रेशन, म्हणजे स्टिकचा मध्य आणि कडा ठरवून देणं, झालेलं नसेल तर चुंबक असूनही मध्य चुकतो. म्हणून घरी कॅलिब्रेशन करण्याची सोय हवी. बटणं दाबून होत असेल तर उत्तमच, कारण फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलायची आणि सेटिंगची सॉफ्टवेअर बऱ्याचदा फक्त विंडोजवर चालतात आणि ज्यांच्याकडे मॅक किंवा नुसता फोन आहे ते अडकून पडतात.

फर्मवेअरला हसण्यावारी नेऊ नका. स्विच २ जून २०२५मध्ये आला तेव्हा आधीचे अनेक बाहेरचे कंट्रोलर त्याला जोडलेच जात नव्हते. ज्या कंपन्यांनी नवं फर्मवेअर दिलं त्यांचे चालू झाले. कंपनी आपल्या जुन्या मॉडेलसाठी अपडेट काढते का, हे तिच्या डाउनलोडच्या पानावरच्या तारखांवरून दोन मिनिटांत कळतं. किमतीत थोडा फरक असेल तर मी नेहमी अपडेट काढणाऱ्या कंपनीकडे झुकते.

आणि नाव वाचताना शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. उदाहरण म्हणून एटबिटडोचा अल्टिमेट २सी हा कंट्रोलर बघा. दिसायला एकच, पण ‘वायरलेस’ लिहिलेला आहे तो विंडोज आणि अँड्रॉइडसाठी, डोंगलसकट. ‘ब्लूटूथ’ लिहिलेला आहे तो स्विचसाठी. रंग आवडला म्हणून चुकीचा मागवला तर कंट्रोलर उत्तम असूनही तुमच्या उपयोगाचा नाही. इतर कंपन्यांतही एकाच नावाच्या अशा जोड्या सापडतात.

डी-पॅड (चार दिशांचं अधिकच्या आकाराचं बटण), बॅटरी, हेडफोनची खाच यांवर फार वेळ घालवू नका. जुन्या धाटणीचे किंवा फायटिंग गेम खेळत असाल तरच डी-पॅडची चौकशी करा. वर दाबताना तिरकं लागतं का, एवढंच. हेडफोनची खाच ब्लूटूथवर बहुतेक वेळा मुकी असते. लाइट, रंग, अर्धपारदर्शक कवच ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग.

कंट्रोलर हातात आला की पहिल्या संध्याकाळी गेम नंतर लावा. ब्राउझरमध्ये गेमपॅड तपासायची पानं असतात, त्यातलं एक उघडा. कंट्रोलर टेबलावर ठेवा आणि स्टिकचे आकडे शून्याजवळ स्थिर राहतात का बघा. मग दोन्ही स्टिक कडेकडेने हळू फिरवा. वर्तुळ पूर्ण व्हायला हवं, एखादा कोपरा चेपलेला नको. ट्रिगर अगदी सावकाश दाबा, आकडा पायरी न घेता चढला पाहिजे. त्यानंतर तुमच्या यादीतलं प्रत्येक उपकरण एकेक करून जोडा, बंद करा, आणि पुन्हा त्याच क्रमाने जोडा. दुसऱ्या फेरीत एखाद्याला पेअरिंग नव्याने करावं लागलं, तर रोज ते करायची तुमची तयारी आहे का हे त्याच संध्याकाळी ठरवा आणि नसेल तर परत करायची मुदत संपायच्या आत तो परत पाठवा.