गोष्ट आणि घडी: अभ्यासक्रमाचा आराखडा कुठवर आला

मंडळी, गोष्ट सांगणं आणि ओरिगामी एकत्र शिकवणाऱ्या विद्यापीठीय अभ्यासक्रमाचा आराखडा आता आकाराला आलाय. बालविकास शिकणाऱ्या, पुढे लहान मुलांसोबत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तो आहे. गोष्टीचे तास वेगळे, कागदाचे वेगळे अशी विभागणी मुद्दामच ठेवलेली नाही. कसोटी एकच: घडी पडली की गोष्ट पुढे सरकली पाहिजे. गोष्ट संपल्यावर ‘चला, आता ससा करू’ म्हणणं यात बसत नाही.

नमुन्यासाठी टोपी-होडी-सदऱ्याची जुनी गोष्ट घेतली आहे. ती तुमच्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल. वर्तमानपत्राची टोपी, टोपीची होडी. वादळात होडीचं पुढचं टोक तुटतं, मग मागचं, मग वरचं, आणि प्रत्येक वेळी कागद खरोखर फाडायचा. उरलेला तुकडा उलगडला की दोन बाह्या आणि गळा असलेला सदरा! कागद फाडण्याआधी क्षणभर थांबून ‘आता काय होईल?’ हे कुठे विचारायचं, ते विद्यार्थ्यांनी स्वतः शोधायचं. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात मोलाचं कौशल्य हेच.

या गोष्टीची खरी ताकद मधल्या आकारांत आहे. प्रत्येक टप्प्यावर हातात ओळखू येणारं काहीतरी असतं. कागदाच्या क्रौंच पक्ष्याचं तसं नाही. चौकोनी घडी, मग पाकळी घडी, बराच वेळ कागद कशासारखाच दिसत नाही आणि गोष्टीला टेकायला जागा मिळत नाही. म्हणून क्रौंच सत्राच्या शेवटाकडे नेलाय. सुरुवात कोपऱ्यावर कोपरा ठेवून होणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाने.

इतिहासाला एकच तास दिलाय. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने १८३७ मध्ये सुरू केलेल्या आणि १८४० मध्ये किंडरगार्टन असं नाव दिलेल्या संस्थेच्या परंपरेत कागदकामाला मानाचं स्थान होतं, तेवढं पुरे. जपानी ओरिगामी कलावंत अकिरा योशिझावांची, घड्या आकृतीत दाखवणाऱ्या खुणांची पद्धत मात्र सगळ्यांनी शिकायची: तुटक रेघ म्हणजे दरीघडी (दरीसारखी आत जाणारी), रेघ-टिंब म्हणजे डोंगरघडी (डोंगरासारखी वर येणारी). मुलांपुढे आकृती ठेवायची नाही. तिथे ‘वरचं टोक खाली आणा, नखाने दाबा’ एवढंच. वर, खाली, कडा, कोपरा हे शब्द हात चालत असताना कानावर पडले की लवकर रुजतात.

मूल्यमापनावर सध्या सगळ्यात जास्त विचार चाललाय. सुबक वस्तूला गुण नाहीत. मुलाने तोच कागद पुन्हा घडवत गोष्ट परत सांगायची आणि विद्यार्थ्याने टिपायचं: घडी आठवली पण प्रसंग सुटला, की प्रसंग आठवला आणि हात अडला? या दोन अडचणींना मदतही वेगवेगळी लागते.

आता मला फक्त चार-पाच घड्यांचे आणि प्रत्येक घडीला ओळखू येणारे आकार हवे आहेत. तुमच्याकडे असतील तर क्रमासकट कळवा, गोष्ट मी रचतो.