डेन्व्हरला पिस्तूल नेताय? आधी रेड रॉक्सची पाटी वाचा

डॅलस ते डेन्व्हर, थांबे धरून चौदा तास. अमॅरिलो, क्लेटन, रॅटनचा घाट (7,834 फूट), मग आय-25 महामार्ग धरून सरळ वर. रस्ता कंटाळवाणा आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही.

माझ्याकडे पिस्तूल बाळगायचा टेक्सासचा परवाना आहे. पिस्तूल कमरेला, वर शर्ट. निघायच्या आधी मंडळातल्या एका मित्राने छातीठोकपणे सांगितलं, "अरे, कोलोरॅडोत अख्ख्या राज्याला एकच कायदा. आपला परवाना चालतो. बिनधास्त जा."

परवाना चालतो हे खरं. तुम्ही टेक्सासचेच रहिवासी हवेत आणि वयाची 21 पूर्ण हवीत. बाकी माहिती शिळी. एकसारखे नियम 2003 साली झाले होते. मार्च 2021 मध्ये कोलोरॅडोतल्याच बोल्डर शहरात सुपरमार्केटातल्या गोळीबारात दहा जण मारले गेले. बोल्डर शहराने घातलेली लष्करी धाटणीच्या रायफलींवरची बंदी त्याच्या दहाच दिवस आधी न्यायालयाने अडवली होती, कारण राज्याच्या कायद्यापुढे शहराचं चालत नव्हतं. त्याच वर्षी विधिमंडळाने शहरांना जास्त कडक नियम करायची मोकळीक दिली. 2022 मध्ये डेन्व्हरने आपल्या बागा आणि इमारतींत झाकून बाळगायलाही बंदी केली. उघड बाळगायला तिथे आधीपासूनच मनाई.

आता गंमत ऐका. रेड रॉक्स, म्हणजे लाल खडकांमधलं ते खुलं नाट्यगृह, डेन्व्हरमध्ये नाहीच. ते मॉरिसनजवळ, जेफरसन काउंटीत. पण मालकी डेन्व्हर शहराची, म्हणून नियमही डेन्व्हरचा. मी गाडी लावली, पोरांच्या बाटल्या भरल्या, पायऱ्यांकडे निघालो आणि पाटीवर फुली मारलेलं पिस्तूल दिसलं. मागे फिरलो. गाडीत ठेवावं, तर 1 जानेवारी 2025 पासून माणूस नसलेल्या गाडीत पिस्तूल ठेवायचं तर कुलूपबंद, टणक पेटीत आणि नजरेआड ठेवावं लागतं. माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्याला कुलूपच नाही. बायको-पोरं वर गेली आणि मी दीड तास उन्हात गाडीची राखण केली. याला नुसता दंड आहे, हे नंतर कळलं. तरीही गेलो नसतो.

संध्याकाळी पेटी घेतली. डॅलसमध्ये पस्तीसला बघितलेली तीच स्टीलची डबी, इथे नव्वद! दुकानदार गालात हसला, गाडीची टेक्सासची नंबरप्लेट बघूनच बहुधा. पेटी घरूनच आणा.

दुसरी ठेच मॅगझिनची, म्हणजे पिस्तुलात गोळ्या भरायच्या खोक्याची. कोलोरॅडोत 2013 पासून पंधरा गोळ्यांची मर्यादा आहे. सतरावालं मॅगझिन घरी ठेवा. रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये राज्याचा कायदा चालतो, पण व्हिजिटर सेंटरच्या इमारतीत शिरायचं नाही. ती केंद्र सरकारची. तिथले तीन दिवस उत्तम गेले, फोटो बायकोकडे आहेत.

माझ्या मामाची बाराबोर निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची. तेव्हा तो चिडायचा, पण कुठे जमा करायची हे तरी त्याला ठाऊक होतं. इथे मला प्रत्येक पार्किंगला उतरून आधी पाटी शोधावी लागली. पोरं सोबत असतील आणि डेन्व्हर-बोल्डर हिंडायचं असेल, तर सरळ पिस्तूल घरच्या तिजोरीत ठेवून या. मी पुढच्या वेळी तेच करणार आहे. नव्वद डॉलरची डबी विकायची आहे, कुणाला हवी तर सांगा.