खरखरीत चांदी, चौथा आठवडा

इंदूरच्या सराफ्यात (रात्रीच्या खाऊगल्लीत नव्हे, दिवसा) शुद्ध चांदीचा पत्रा घेतला तेव्हा दुकानदारानं विचारलं, "पॉलिश करून देऊ?" नको म्हटलं. मला तो बिघडवायचाच होता.

नव्यांसाठी थोडक्यात. धातूवर लेझर पडला की दुप्पट वारंवारतेचा प्रकाशही निघतो, पण नावापुरता. 1981 मध्ये चेन, द कास्त्रो आणि शेन यांनी दाखवलं की खरखरीत चांदीवर तो सुमारे दहा हजार पटींनी वाढतो. सूक्ष्म उंचवट्यांवरचे इलेक्ट्रॉन एकत्र झुलतात आणि तिथलं विद्युतक्षेत्र फुगतं.

माझं ध्येय असा अतिनील प्रकाश मिळवण्याचं, पण आधी इन्फ्रारेड 1064 वरून हिरवा 532 नॅनोमीटर (वारंवारता दुप्पट म्हणजे तरंगलांबी निम्मी), कारण हिरवं पकडणं सोपं. खरखरीत करायला पत्रा पोटॅशियम क्लोराईडच्या पाण्यात (100 मिलिलिटरला पाऊण ग्रॅम) धरून आधी विजेच्या धन टोकाला जोडायचा, मग ऋण टोकाला. पहिला तुकडा जळलाच म्हणा: मी चाळीस सेकंद ठेवला आणि बोटाला काळी भुकटी लागली. दुसऱ्याला आठ सेकंदच दिले. तो फिकट पिवळसर, दुधाळ झाला, सायीसारखा. बायको म्हणाली, "एवढ्या पैशांची चांदी, आणि ही दशा?"

आता खरी गंमत. खरखरीत न केलेल्या, चकचकीत पत्र्यावरही फोटोमल्टिप्लायर (अगदी मंद प्रकाश मोजणारा डिटेक्टर) 41 मिलिव्होल्ट दाखवत होता, मी उड्याच मारल्या. मग मध्ये निम्मा प्रकाश अडवणारा फिल्टर घातला, तर 20 झाले. दुप्पट वारंवारतेचा प्रकाश तीव्रतेच्या वर्गानं बदलतो, म्हणजे निम्म्याला पाव व्हायला हवा होता. मूळ लेझरची सरळ गळती होती ती! इन्फ्रारेड अडवणारी आणखी एक काच डिटेक्टरपुढे लावल्यावर चकचकीत पत्रा गप्प झाला, आणि खरखरीत पत्र्यावर तोच निम्मा फिल्टर घातल्यावर 38 वरून 10 झाले. तीनदा करून पाहिलं. अरुंद फिल्टर (फक्त 532 च्या आसपासचा प्रकाश सोडणारा) मात्र हवाच, कारण लेझरमुळे चांदीतून निघणारी इतर रंगांची चमकही कधीकधी वर्गानंच वाढते.

पत्रा त्याच दिवशी वापरा. हवेतल्या गंधकानं माझा चार दिवसांत तपकिरी झाला.

पुढे 532 वरून 266. तिथं चांदी उपयोगाची नाही. साधारण 320 च्या खाली ती प्रकाश स्वतःच गिळते. ॲल्युमिनियम बरं, आणि साध्या काचेऐवजी क्वार्ट्झ. डोळ्यांना चष्मा दोन्ही तरंगलांबी अडवणारा हवा, यात काटकसर नको. स्वयंपाकघरातली फॉइल ढापून ठेवली आहे. कॉस्टिक सोड्यानं खरखरीत केलेलं ॲल्युमिनियम कुणी वापरलं असेल तर किती सेकंद बुडवलं ते कळवा.